सहल धर्मस्थळी जाते तेव्हा

अमेरिकेतील बोस्टन शहराजवळ वेलस्ली नावाचे एक सुखवस्तू गाव आहे. तेथील सरकारी शाळेत सहावीच्या मुलांना जगातील प्रमुख धर्मांची ओळख करून देणारा एक अभ्यासक्रम होता. पुस्तकात वाचलेले डोळ्यांनी पाहावे, म्हणून 2010 च्या मे महिन्यात या वर्गाची सहल बोस्टनमधील एका मोठ्या मशिदीत गेली. वास्तू पाहता पाहता दुपारच्या नमाजाची वेळ झाली. मुलांनी बाजूला थांबून पाहावे, एवढीच अपेक्षा होती. परंतु काही मुलगे नमाज पढणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले आणि इतरांचे पाहून त्यांच्याबरोबर वाकले. त्यांना कोणी अडवले नाही. सोबत गेलेल्या एका पालकाने हे सारे चित्रित केले होते. सप्टेंबरात ते चित्रीकरण सर्वांसमोर आले आणि शांत गावात मोठी खळबळ उडाली.

त्यानंतर गावातील शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी पालकांना पत्र लिहून क्षमा मागितली. ही क्षमा नेमकी कशाबद्दल होती, हे पाहण्यासारखे आहे. मुलांना मशिदीत नेल्याबद्दल ती नव्हती. काही मुलांना प्रार्थनेत भाग घेऊ दिला गेला, याबद्दल ती होती. वादाच्या गदारोळात हा भेद पुष्कळांच्या ध्यानी आला नाही. काहींना सहलच नको होती, तर काहींना क्षमाही नको होती. परंतु पत्रात ओढलेली रेषा योग्य ठिकाणी होती.

ही घटना दूर देशीची असली, तरी आपल्या समाजाला ती परकी नाही. त्याच परिसरात नॉरवूड येथे जैन मंदिर आहे. 1981 मध्ये तेथील जैन संघाने ती वास्तू घेतली, तेव्हा ते स्वीडिश ल्यूथरन पंथीयांचे चर्च होते. त्या मंदिरात णमोकार मंत्र शिकणारी मुले आठवड्याचे पाच दिवस सर्वधर्मीय वर्गांतच बसतात. इकडे महाराष्ट्रात तर प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. कारण आपल्याकडे शाळेच्या सहलीचा मार्ग आखायला घेतला, की धर्मस्थळे टाळणेच कठीण होते.

वेरूळचेच पाहावे. 34 लेण्यांपैकी पहिली 12 बौद्धांची, 13 ते 29 हिंदूंची आणि शेवटची पाच जैनांची. इयत्ता कोणतीही असो, महाराष्ट्रातील शाळकरी मुलाने आयुष्यात एकदा तरी कैलास लेण्याच्या अंगणात उभे राहून मान वर केलेली असते. (जैन लेणी शेवटी आणि जरा दूर असल्याने अनेक शाळांच्या बसगाड्या तेथवर पोहोचतच नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे.) लेणी पाहण्याला आजवर कोणा पालकाने धार्मिक हरकत घेतल्याचे सहसा ऐकिवात नाही. ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्मारके आहेत. तेथे कोणी काही मागत नाही, कोणी गंध लावत नाही.

परंतु लेण्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. तेथे गाभाऱ्यात जाणाऱ्या पुरुषांना अंगातील सदरा काढावा लागतो. काही किलोमीटरवरील खुलताबादेत सूफी संतांचे दर्गे आहेत आणि औरंगजेबाची कबर आहे. लेण्यांच्या वरच्या डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्यावरील शिलालेख तेराव्या शतकातील असून तिची पूजा आजही होते. एकाच दिवसाच्या सहलीत मूल स्मारक, मंदिर, दर्गा आणि चैत्य असे चारही उंबरे ओलांडते, किंवा एखाद्या उंबऱ्याशी थांबते. सूचनापत्रावर मात्र एवढेच छापलेले असते: ‘वेरूळ व परिसर’.

पालकांच्या मनातील अस्वस्थता या ‘व परिसर’मधून जन्म घेते. तिला संकुचितपणा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. श्रावकाच्या दृष्टीने तिला शास्त्राचा आधारही आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनाच्या आड येणाऱ्या तीन मूढता सांगितल्या आहेत, आणि त्यांत देवमूढता आहे. वराच्या आशेने राग-द्वेषयुक्त देवतांची उपासना करणे, असे तिचे स्वरूप आहे. ज्या घरात मुलाला हे लहानपणापासून सांगितले जाते, त्या घरातील मूल शिक्षकांनी ‘चला, सर्वांनी नमस्कार करा, परीक्षेत पास व्हाल’ असे म्हटल्यावर गोंधळते. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. पण मुलापुढे त्या क्षणी दोन आज्ञा उभ्या राहतात, एक घरची आणि एक गुरुजींची.

तरीही आचार्यांचे बोट उपासनेवर आणि तिच्यामागील अपेक्षेवर आहे, पाहण्यावर नाही, हे विसरता येणार नाही. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांची कथा याच संदर्भात आठवते. मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत ती आली आहे. राजा कुमारपालाबरोबर आचार्य सोमनाथाच्या मंदिरात गेले. जैन मुनी शिवालयात काय करतील, याकडे विरोधकांचे डोळे लागले होते. आचार्यांनी तेथे स्तुती केली, पण तिला एक अट घातली: ज्याचे राग-द्वेष क्षीण झाले आहेत, त्याला वंदन, मग त्याचे नाव काहीही असो. ते मंदिरात जायला कचरले नाहीत, आणि आत जाऊन आपले तत्त्वही त्यांनी सोडले नाही. बारा वर्षांच्या मुलाकडून हेमचंद्राचार्यांच्या प्रज्ञेची अपेक्षा करता येत नाही, हे खरेच. म्हणूनच त्याच्यासाठी ती रेषा मोठ्यांनी आधी आखून द्यावी लागते.

भारताच्या संविधानाने ती आखलेली आहे. अनुच्छेद 28 चे पहिले कलम पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई करते. तिसरे कलम सहलीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या कोणत्याही संस्थेतील विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची अथवा धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. तो अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. यातील ‘उपासना’ हा शब्द मोलाचा आहे. धर्मांविषयी माहिती देणे निराळे आणि एखाद्या धर्माची दीक्षा देणे निराळे, हा विवेक सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1963 मध्ये शाळेतील बायबल-पठणाची प्रथा घटनाबाह्य ठरवताना, धर्मांचा अभ्यास करण्यास मात्र हरकत नाही, असे त्याच निकालात म्हटले होते.

आणखी एक भारतीय निकाल येथे फार बोलका आहे. केरळातील यहोवा विटनेस पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला: आदराने उभे राहणे हा अनादर नव्हे, आणि ज्याची श्रद्धा आड येते त्याला गायला लावता येत नाही. राष्ट्रगीताच्या बाबतीत जे न्यायालयाने मान्य केले, ते आरतीच्या बाबतीत नाकारण्याचे काही कारण दिसत नाही. हात जोडून उभे राहणाऱ्या वर्गात एक मूल हात न जोडता शांत उभे असेल, तर ते उद्धट ठरत नाही.

मग पालकांचा हक्क कोठपर्यंत? जर्मनीच्या उत्तरेकडील रेंड्सबुर्ग येथे 2016 मध्ये सातवीच्या वर्गाची भेट मशिदीत ठरली. एका मुलाच्या आईवडिलांनी, आपण कोणताच धर्म मानत नाही आणि मुलावर धार्मिक संस्कार नकोत, असे सांगून त्याला त्या दिवशी पाठवले नाही. शाळेने ही गैरहजेरी बेकायदा मानली, पालकांना दंड झाला. न्यायालयाने रक्कम बरीच उतरवली, पण दंड कायम ठेवला. वेलस्लीत शाळा एक पाऊल पुढे गेली, रेंड्सबुर्गात पालक एक पाऊल मागे राहिले; आणि दोन्हीकडे मुलाशी मात्र कोणी फारसे बोलले असेल, असे वाटत नाही. इंग्लंडमध्ये धर्मशिक्षणाच्या तासातून पाल्याला काढून घेण्याचा पालकांचा हक्क 1944 पासून कायद्यात आहे. तेथील धर्मशिक्षकांची अलीकडची तक्रार अशी, की काही पालक तो हक्क सरसकट नव्हे, तर एकाच धर्माच्या बाबतीत वापरतात: चर्च चालते, मंदिर चालते, मशीद चालत नाही.

ही तक्रार ऐकताना आपल्या समाजाने आरशात पाहावे. घृष्णेश्वराच्या रांगेत मूल उभे राहिले तर ज्यांना देवमूढता आठवत नाही, आणि दर्ग्याच्या पायरीवर मात्र जी एकाएकी आठवते, त्यांची हरकत शास्त्राची नसते. तिचे मूळ दुसरीकडे असते. अशा हरकतीची किंमत बहुधा शिक्षक मोजतो. 2023 च्या सप्टेंबरात गोव्यातील दाबोळी येथील एका उच्च माध्यमिक विद्यालयाचे काही विद्यार्थी मशिदीतील एका कार्यशाळेला गेले; तक्रारी झाल्या आणि मुख्याध्यापकांवर निलंबनाची पाळी आली. असे एखादे उदाहरण ऐकले, की दहा गावचे मुख्याध्यापक सहलीच्या यादीतून आधी दर्गा खोडतात, मग चर्च, मग गुरुद्वारा. आणि उरतो तो वॉटर पार्क.

व्यवहारातील अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या बोलून दाखवण्यात संकोच नसावा. कंदमूळ न खाणारे मूल नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला बसते, तेव्हा भाजीत काय आहे हे विचारायला त्याची जीभ रेटत नाही. चौविहार पाळणाऱ्या मुलीची बस सूर्यास्तानंतर जेवणासाठी थांबते. प्रसाद हातावर पडला की तो नाकारणे म्हणजे अपमान, अशी आपल्याकडची समजूत आहे. डोके झाकणे, पादत्राणे काढणे, पाय धुणे, हळू बोलणे हे त्या घराचे नियम आहेत, ते पाळल्याने कोणाची श्रद्धा बाटत नाही. माथा टेकणे, चादर चढवणे, अभिषेकाला हात लावणे ही उपासना आहे. प्रसाद या दोहोंच्या मधे कोठेतरी पडतो, आणि तेथे घरोघरी उत्तर वेगळे असणार. मुलाने डबा सोबत न्यावा आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ हे वाक्य नम्रपणे म्हणायला शिकावे. शिक्षकांनी ते वाक्य हसण्यावारी नेऊ नये.

एका गोष्टीचा उच्चार सहसा टाळला जातो. सातवी-आठवीच्या मुलींच्या वर्गात कोणत्याही दिवशी दोन-चार मुलींना मासिक पाळी असणारच. अनेक मंदिरांत, आणि आपल्याही मंदिरांत, अशा मुलीने आत जाऊ नये असा दंडक आहे. तो पाळणाऱ्या घरची मुलगी साऱ्या वर्गासमोर पायरीशी थांबते आणि का थांबली हे सर्वांना कळते. ‘ज्यांना बाहेर थांबायचे आहे त्यांनी थांबावे, कारण विचारले जाणार नाही’ एवढे एक वाक्य शिक्षिकेने बसमध्येच सांगितले, तर त्या मुलीची मान खाली जाणार नाही. श्रद्धेमुळे थांबणाऱ्या मुलालाही तिच्याबरोबर सोबत मिळते.

आता प्रश्न उलट बाजूने. जानेवारी 2014 पासून जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा आहे, आणि समाजाच्या शिक्षणसंस्था त्याचा आधार घेतात. त्या संस्थांत सर्व जातिधर्मांची मुले शिकतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. अशा शाळेची सहल कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावर जाते. 28 फूट उंचीची ती शुभ्र मूर्ती पाहून कोणतेही मूल क्षणभर अबोल होईल. वेलींनी वेढलेला हा पुरुष कोण, याने जिंकलेले राज्य का सोडले, हे त्याला सांगावे, अवश्य सांगावे. पण त्याच वेळी एखाद्या मुस्लिम किंवा ख्रिस्ती मुलाच्या हाती अभिषेकाचा कलश दिला गेला, तर? अनुच्छेद 28 चे तिसरे कलम अल्पसंख्याक संस्थेच्या दारातही थांबत नाही. वेलस्लीतील आईला जे वाटले, ते त्या मुलाच्या आईलाही वाटू शकते, आणि ती बहुधा बोलणार नाही, कारण फी माफ झालेली असते.

म्हणून सूचनापत्रातील ‘व परिसर’ आधी गेला पाहिजे. कोणत्या स्थळी जाणार, तेथे त्या वेळी आरती, नमाज किंवा प्रार्थना चालू असेल काय, मुलांनी काय घालावे, काय काढावे, खायला काय मिळेल आणि बस कोठे कधी थांबेल, हे नावानिशी लिहावे. संमतीपत्रावर सहीच्या दोन जागा असाव्यात, एक पाहण्यासाठी आणि एक उपासनेत सहभागासाठी. दुसरी कोरी राहिली तरी मुलाची बसमधील जागा जाऊ नये. हे सारे अर्ध्या पानात मावते. शालेय सहलीसाठी एस.टी.ची भाडेसवलत मिळवायला शाळेला याहून अधिक कागद भरावे लागतात.