डच आणि युक्रेनियन : दोन भाषांचे मुलूख

आम्ही भाषापंडित नव्हे. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत. मग डच आणि युक्रेनियन यांच्याशी आमचे काय देणेघेणे? ते एका पाटीमुळे आहे. एका कारखान्यात यंत्रावर धोक्याची सूचना होती, पण इंग्रजीत. आमच्या एका सोबत्याची दोन बोटे गेली. तेव्हापासून अमुक भाषा कोठे चालते असे कोणी सांगू लागले, की आम्ही आधी विचारतो, कारखान्याच्या फाटकाच्या आत चालते का?

डच बोलणारे सुमारे अडीच कोटी. नेदरलँड्स हे तिचे घर खरे, पण बेल्जियमचा उत्तर भाग, म्हणजे फ्लँडर्स, हेही तिचेच घर. बाहेर ती गेली व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम १९७५ साली स्वतंत्र झाला, तरी तिथली राजभाषा डचच राहिली. याच सुरिनामात १८७३ साली 'लल्ला रूख' जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये घेऊन गेले. बिहार आणि संयुक्त प्रांतांतून ऊसमळ्यांवर गेलेल्या त्या मजुरांची नातवंडे-पतवंडे घरी सरनामी बोलतात आणि शाळेत डच शिकतात. उलट, जिथे डचांचे सर्वांत मोठे राज्य होते त्या इंडोनेशियाने मलाय भाषेचा आधार घेतला आणि डच बाजूला सारली. आपल्या वेंगुर्ल्यासही डचांची वखार होती. भिंतींचे अवशेष आहेत, भाषा नाही.

युक्रेनियनची गोष्ट वेगळी. बोलणारे डचहून अधिक, पण तिला आरमार नव्हते, वसाहती नव्हत्या. ती परदेशी गेली शेतकऱ्याच्या गाठोड्यातून. १८९१ पासून गॅलिशियातील कुणबी कॅनडाच्या गवताळ प्रदेशात गेले, काही ब्राझीलच्या पराना प्रांतात. २०२२ च्या युद्धानंतर लाखो लोक पोलंड-जर्मनीकडे गेले, तेही असेच, हाती लागेल ते घेऊन. आणि घरी काय होते? रशियाच्या झारने १८६३ आणि १८७६ साली या भाषेतील छपाईवरच बंदी आणली. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील ल्विव्ह शहरात मात्र पुस्तके निघत राहिली.

आता फाटकाशी येऊ. दोनबासच्या कोळसाखाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत रशियनचा अंमल. खेड्यातला गडी युक्रेनियन बोलत येई, त्याची मुले रशियन बोलू लागत. २००१ च्या जनगणनेत दोनेत्स्क प्रांतात स्वतःला युक्रेनियन म्हणवणारे शेकडा ५७ होते. मातृभाषा युक्रेनियन सांगणारे अवघे २४. हा फरक आम्हांला सर्वांत बोलका वाटतो.

फ्लँडर्सच्या मजुराचेही हेच हाल होते. १८३० साली बेल्जियम स्वतंत्र झाला, पण साहेबाची भाषा फ्रेंच. वालोनियाच्या खाणीत उतरणाऱ्या फ्लेमिश माणसाला मुकादमाचे बोलणेही समजू नये! गेंटचे विद्यापीठ पूर्णपणे डच व्हायला १९३० उजाडले. आणि कारखान्याचे दार? ते १९७३ साली उघडले. त्या वर्षीच्या कायद्याने फ्लँडर्समधील मालकाने कामगारांशी व्यवहार डचमध्येच करावा असे ठरले. दुसऱ्या भाषेतला कागद रद्दबातल. २०१३ साली युरोपीय न्यायालयाने देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या करारांपुरता हा नियम जाचक ठरवला. बाकीच्या कामगारांना नेमणुकीचा कागद डचमध्येच द्यावा लागतो.