भाडेकरूंचा पाळक
लेखमाला : गावातून शहरात (लेख सहावा)

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग असे करत भिलईत शिरते. १८९३ साली याच मार्गावर नागपूरहून राजनांदगावला निघालेले एक चित्पावन कवी डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी बोलत बसले होते. कवी होते नारायण वामन टिळक आणि सहप्रवासी फ्री मेथडिस्ट पंथाचे मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड. वॉर्डनी टिळकांच्या हाती बायबल ठेवले आणि तुम्ही ख्रिस्ती व्हा, असे सरळ सांगितले. टिळकांना तेव्हा ते पटण्यासारखे नव्हते. राजनांदगाव संस्थानात नोकरी धरायची, एवढेच त्यांच्या डोक्यात होते.

पण संस्थानच्या त्या मुक्कामात पुस्तक वाचले गेले, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक अडकले. ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे संपादक रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. हेच अ‍ॅबट पुढे मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत आणणार होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो देणारे रेव्हरंड तुकाराम नथोजी होते, गोरे साहेब नव्हेत. पुढची काही वर्षे पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. ती कहाणी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच सांगितली आहे, आणि त्यांच्याइतकी ती कुणाला सांगता येणार नाही.

टिळक अहमदनगरला गेले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिक्षक झाले, पाळक झाले. भिलई तेव्हा नकाशावरचे एक खेडे होते. तरी छत्तीसगडातल्या शहरी पाळकाची गोष्ट या डब्यापासून सुरू करायला कारण आहे. मिशनच्या पगारावर जगणारा पाळक नेमका कोणाचा सेवक, हा प्रश्न टिळकांनी आयुष्यभर उरी बाळगला आणि १९१७ साली मिशनचे वेतन सोडून तो धसाला लावला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा घाट त्यांनी घातला, पण त्यानंतर त्यांना दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

आता छत्तीसगडच्या मातीत या. १८६८ साली ऑस्कर लोर नावाचे जर्मन मिशनरी रायपूर भागात आले आणि त्यांनी पडीक जमीन घेऊन बिश्रामपूर वसवले. त्यांच्याकडे आलेली माणसे बहुतांशी सतनामी पंथाची होती. जमीन मिशनची, म्हणून मिशनरी केवळ पाळक राहिला नाही, तो मालगुजारही झाला. सारा, बैल, भांडणतंटा, लग्नाची सोयरीक, सगळे त्याच्या ओट्यावर येई. इतिहासकार सौरभ दुबे यांनी या व्यवस्थेवर विस्ताराने लिहिले आहे. मायबाप मालक आणि ख्रिस्ती शेजारी ही दोन नाती तिथे एकमेकांत कशी गुंतली, हे त्यांच्या लेखनात दिसते. धमतरीला १८९९ साली मेनोनाइट पंथाचे अमेरिकन मिशनरी आले, ते दुष्काळाच्या तोंडावर. तिथे अनाथालयाभोवती आणि दवाखान्याभोवती मंडळी जमली. पद्धत निराळी, पण गाव, जमीन, संस्था आणि पाळक ही चौकट तीच.

भिलईत ती चौकट मोडली. फेब्रुवारी १९५५ मध्ये तिथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची होती. केरळ, आंध्र, बंगाल, छोटा नागपूर आणि अर्थातच भोवतालच्या खेड्यांतून माणसे आली. भिलईला ‘मिनी इंडिया’ म्हणायची सवय लागली ती त्यामुळेच. या गर्दीत ख्रिस्तीही होते, पण ते नोकरीचे पत्र घेऊन आले होते. राहायला सेक्टरमधले क्वार्टर, मुलांना कारखान्याची शाळा, आजारपणाला सेक्टर ९ चे इस्पितळ. पाळकाने देण्यासारखे जे काही बिश्रामपुरात होते, ते इथे कारखाना देत होता!

मग पाळकाकडे उरले काय? भाषा आणि आठवण, असे माझे मत आहे. मल्याळी कुटुंबाला रविवारी मलयाळममधली प्रार्थना हवी असते, तर धमतरीकडून आलेल्याला हिंदी भजन. केरळच्या मार थोमा आणि ऑर्थोडॉक्स मंडळींनी इथे चांगले मूळ धरले. मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चच्या कलकत्ता धर्मप्रांताचे मुख्यालय भिलईतल्या कैलासनगरच्या सेंट थॉमस आश्रमात आहे. नाव कलकत्त्याचे आणि गादी भिलईत, हा योगायोग नव्हे. मल्याळी माणूस जिथे कामाला गेला, तिथे त्याचा अच्चन, म्हणजे पाळक, गेला. बिशप स्तेफानोस मार थिओडोसियस (१९२४–२००७) यांची कारकीर्द याच आश्रमाशी जोडलेली आहे.

हिंदी भाषक प्रोटेस्टंटांचा रस्ता नागपूरमार्गे जातो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा संप्रदाय एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. टिळकांच्या मिशनची मंडळी आणि लोरच्या बिश्रामपूरची मंडळी त्यात एकाच छताखाली आली. या चर्चमध्ये पाळक व्हायचे तर आधी स्थानिक मंडळीची शिफारस लागते, मग धर्मप्रांताची निवड, मग बंगालमधल्या श्रीरामपूर (सेरामपूर) महाविद्यालयाच्या सिनेटशी जोडलेल्या, जबलपूरचे लेनर्ड किंवा पुण्याचे युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी अशा, एखाद्या संस्थेतून बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदवी. त्यानंतर डिकनची दीक्षा आणि शेवटी प्रेसबिटरची, म्हणजे पूर्ण पाळकाची. नेमणूक बिशपच्या हातात. ज्याला खेड्यातल्या मंडळीतच जन्म घालवावासा वाटतो, त्याची बदली कारखान्याच्या गावी होऊ शकते.

तिथे पहिला धडा मिळतो वेळापत्रकाचा. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला रविवार माहीत नाही. कुणी रात्रपाळी उरकून थेट उपासनेला येतो, कुणी दुपारपाळीसाठी मध्येच उठतो. दुसरा धडा निवृत्तीचा. टाउनशिपची जमीन कारखान्याची, नोकरी संपली की क्वार्टर सोडायचे. मंडळीतले जुने, वर्गणीला पक्के कुटुंब केरळला परतते किंवा शहराच्या कडेला घर बांधते. कायम कामगारांची संख्या गेल्या काही दशकांत खूप घटली आणि कंत्राटी मजूर वाढले. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांच्या भिलईवरच्या २०२० सालच्या ग्रंथाचा हाच गाभा आहे. पाळकाचे मानधन मंडळीच्या दानातून येते, तेव्हा परदेशी मिशनच्या जागी आता पोलाद कारखान्याचा पगार बसला आहे. टिळकांचा प्रश्न सुटलेला नाही, फक्त देणारा बदलला.

कायद्याचीही एक बाजू आहे. मध्य प्रदेशाचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा छत्तीसगड वेगळे झाल्यावरही पुढे चालू राहिला, आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवण्याची अट त्यात होती. जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन नन्सना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपांखाली अटक झाली, पुढे त्यांना जामीन मिळाला. टाउनशिपमधल्या जुन्या, नोंदणीकृत चर्चपेक्षा भाड्याच्या खोलीतल्या प्रार्थनासभांना याची धग अधिक लागते. तिथले पाळक अनेकदा बी.डी. झालेले नसतात आणि दिवसा दुसरे काही काम करून पोट भरतात. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.