जुनी गाडी तापते तेव्हा दोष कुणाचा: पंख्याचा की थर्मोस्टॅटचा?

टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला की अनेक जण रेडिएटरमध्ये पाणी भरतात आणि पुढे निघतात. पण इंजिन असंच वारंवार तापत राहिलं, तर हेड गॅस्केट जळतं, हेड वाकडं होतं आणि काही शे रुपयांच्या सुट्या भागामुळे इंजिन उघडायची वेळ येते. ते टाळायचं तर आधी एक गोष्ट पाहावी: गाडी नेमकी कधी तापते?

सिग्नलला तापते, धावताना थंड होते

संशय पंख्यावर घ्यावा. गाडी वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. थांबल्यावर ते काम विजेच्या पंख्याला करावं लागतं. कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचलं की थर्मो स्विच पंखा सुरू करतो. पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले तपासावा. दोन वायरींच्या साध्या थर्मो स्विचचा कनेक्टर काढून त्या वायरी एकमेकींना जोडल्यावर पंखा फिरला, तर स्विच खराब आहे. तरीही फिरला नाही, तर वायरिंग किंवा मोटर पाहावी. हात लावताना जपावं. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

वेगातही तापते

इथे थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. त्याच्या आत मेण असतं. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला ते वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. काटा वर गेला तरी रेडिएटरकडे जाणारा वरचा होजपाइप थंडच असेल, तर झडप उघडलेली नाही. होजपाइपही गरम असेल, तर चोंदलेला रेडिएटर किंवा वॉटर पंप तपासावा.

तापतच नाही

थंड इंजिन सुरू करताच तो होजपाइप हळूहळू कोमट होऊ लागला आणि काटा खालीच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे.

खात्री करायची तर थर्मोस्टॅट काढून, दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात लटकवून गरम करावा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला पाहिजे आणि थंड झाल्यावर मिटला पाहिजे.

काढून टाकू नये

"आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही," असं काही गॅरेजमध्ये सांगतात. पण तो काढला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत फिरतो आणि उन्हाळ्यात घाटात गाडी आणखी तापते.

सर्वांत आधी

यातलं काहीही तपासण्यापूर्वी, इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. कूलंट फार कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन उकळत असूनही काटा खाली दिसू शकतो. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल होताच ते उसळून चेहरा आणि हात भाजतात.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करावा, हीटर असल्यास पूर्ण गरमवर लावावा आणि सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावं.