नळाचे पाणी शुद्ध, तरी घरातील हवा दूषित. भूगर्भातील रासायनिक बाष्पाचा धोका

नवी दिल्ली : जमिनीत मुरलेले औद्योगिक रसायन पिण्याच्या पाण्यात आढळले नाही, एवढ्यावरून त्या परिसरातील घरे सुरक्षित ठरत नाहीत. हे रसायन बाष्परूपाने वर येऊन घरातील हवेत मिसळू शकते. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील एंडिकॉट गावाने याचा अनुभव घेतला आहे.

तेथील आयबीएमच्या कारखान्यात १९७९ मध्ये सुमारे ४,१०० गॅलन, म्हणजे साडेपंधरा हजार लिटर, मिथाइल क्लोरोफॉर्म सांडले. पुढील तपासणीत भूजलात ट्रायक्लोरोइथिलीनही आढळले. दूषित पाणी उपसण्याचे काम सुरू झाले. मात्र घरांतील हवेची व्यापक तपासणी होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लोटला. त्यानंतर सुमारे ४८० मालमत्तांमध्ये बाष्प बाहेर काढणारी यंत्रणा बसवावी लागली.

ही द्रावके पाण्यापेक्षा जड असल्याने खोलवर उतरतात, भूजलात हळूहळू विरघळतात आणि प्रवाहाबरोबर वस्तीखाली पसरतात. त्यांचे बाष्प मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून वर सरकते आणि पायातील भेगा, नळांभोवतीच्या फटी व तळघरातून आत शिरते. थंडीत घर गरम केले की उबदार हवा वर जाऊन बाहेर पडते. त्यामुळे तळाशी दाब कमी होतो आणि जमिनीतील वायू आत ओढला जातो.

हे प्रमाण ऋतूनुसार बदलत असल्याने एकाच तपासणीवर निष्कर्ष काढता येत नाही. अल्प प्रमाणातील बाष्पाचा वासही येत नाही, त्यामुळे रहिवाशांना कल्पना येणे अवघड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ट्रायक्लोरोइथिलीनचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला आहे.

यावरील उपाय तुलनेने साधा आहे. फरशीखाली नळी बसवून पंख्याच्या साहाय्याने बाष्प छतावरून बाहेर सोडले जाते. तथापि, त्यामुळे जमिनीतील रसायन नष्ट होत नाही; ते असेपर्यंत पंखा चालू ठेवावा लागतो. साहजिकच, घरात नव्याने राहायला येणाऱ्यांना याची माहिती असणे आवश्यक ठरते. न्यूयॉर्क राज्यात २००८ पासून अशा तपासणीचे निष्कर्ष भाडेकरूंना कळविणे घरमालकांवर कायद्याने बंधनकारक आहे.