शब्द देणे आणि शब्द पाळणे

विवाहविधीत वर "मी हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतो" असे म्हणतो, तेव्हा हे वाक्य खरे की खोटे, असा प्रश्न मंडळीत कोणी विचारीत नाही. वर काही माहिती देत नसून एक कृती करीत असतो, हे सर्वांस ठाऊक असते. बाप्तिस्मा देताना, आशीर्वाद देताना आपण उच्चारतो ते शब्दही ह्याच जातीचे होत. आम्ही धर्मसेवक असे शब्द आठवड्यामागून आठवडे बोलत असतो. त्यांच्या स्वरूपाचा विचार मात्र क्वचितच करतो.

हा विचार ऑक्सफर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ जॉन ऑस्टिन ह्यांनी चिकाटीने केला. १९५५ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात ह्या विषयावर व्याख्याने दिली. १९६० साली त्यांचे निधन झाले व १९६२ साली ती व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वस्तुस्थितीचे वर्णन करणे हेच वाक्याचे मुख्य कार्य, असे तत्त्वज्ञ बहुधा गृहीत धरीत. ऑस्टिन ह्यांनी नित्य व्यवहारातील वाक्ये पुढे मांडली: वचन देणे, पैज लावणे, जहाजाला नाव देणे, मृत्युपत्रात घड्याळ भावाच्या नावे करणे. येथे बोलणे हेच करणे असते.

पुढे त्यांनी प्रत्येक उच्चाराचे तीन स्तर दाखविले: शब्द व त्यांचा अर्थ, ते बोलताना केलेली कृती, आणि ऐकणाऱ्यावर झालेला परिणाम. एक उदाहरण घेऊ. उपासनेनंतर एखादी वृद्ध विधवा दाराशी पाळकांना म्हणते, "हल्ली आमच्याकडे कोणी येत नाही." शब्दांकडे पाहिले तर ही केवळ माहिती आहे. कृती पाहिली तर ती विनवणी आहे. "हो, सगळे आपापल्या कामात असतात," असे उत्तर देणाऱ्या पाळकाने वाक्य ऐकले, पण विनवणी ऐकली नाही. ती बाई घरी जाते आणि पुन्हा तसे बोलत नाही. हा तिसरा स्तर.

अशी कृती फसते कशी, ह्याचेही ऑस्टिन ह्यांनी वर्गीकरण केले. बोलणाऱ्यास अधिकार नसेल वा विधी अपुरा राहिला, तर कृती घडतच नाही. परंतु मनात हेतू नसताना वचन दिले, तर वचन दिले गेलेच. त्याचा केवळ दुरुपयोग झाला. हा भेद वाचताना चौथ्या शतकातील उत्तर आफ्रिकेतील वाद आठवतो. छळाच्या काळात ढळलेल्या सेवकांनी केलेले संस्कार व्यर्थ होत, असे डोनाटसपंथीय म्हणत. संस्कार ख्रिस्ताचा आहे, सेवकाच्या दोषाने तो रद्द होत नाही, असे संत ऑगस्टीन ह्यांचे उत्तर होते. अर्थात त्यामुळे सेवकाचा दोष पुसला जात नाही.

"जिभेने शपथ घेतली, मनाने नव्हे," ह्या जुन्या सबबीलाही ऑस्टिन ह्यांनी थारा दिला नाही. तिने वचन मोडणाऱ्यालाच पळवाट मिळते, असे त्यांचे म्हणणे. उच्चारलेला शब्द बांधून टाकतो. उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायात इसहाक फसविला गेला, तरी याकोबाला दिलेला आशीर्वाद त्याला परत घेता आला नाही. इब्री भाषेत 'दाबार' ह्या एकाच पदाने शब्दही सांगितला जातो आणि घडलेली गोष्टही. आपली मराठीही हे जाणते: आपण शब्द देतो, शब्द राखतो, शब्द मोडतो.

ह्या संशोधनाने आमच्यापुढे एक अवघड प्रश्न ठेवला आहे. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन" असे आम्ही सहज म्हणतो. आमच्या दृष्टीने तो निरोप घेण्याचा रिवाज असतो. रुग्णाच्या दृष्टीने ते वचन असते, आणि त्याचेच खरे आहे. उघड्या व उपाशी बंधूला कोरड्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्यांविषयी याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे ते ह्याच दोषाबद्दल. म्हणून एक साधा उपाय सुचवितो. असे वचन देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. शक्य असेल तर तेथेच, रुग्णाचा हात हाती घेऊन, प्रार्थना करावी. तसे न जमल्यास नाव वहीत टिपून घ्यावे, आणि रात्री ती वही उघडावी.