शोधचौकटीपलीकडचे गूगल

गूगल म्हणजे माहिती शोधायची चौकट, एवढीच अनेकांची ओळख. पण त्याच कंपनीची कितीतरी साधने मोबाइलवर फुकट मिळतात. औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्याचेच पाहा. तिथल्या नियोजित 'लायगो-इंडिया' वेधशाळेला केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेच्या काटकोनातल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या. 'गूगल अर्थ'मध्ये दुधाळा उघडा, मोजपट्टीने तेवढी रेघ ओढा. पसारा लगेच ध्यानात येईल.

त्यातलेच 'टाइमलॅप्स' १९८४ पासूनचे बदल दाखवते. वर्षभरातल्या उपग्रहचित्रांतून ढग वगळून दरसालचे एक चित्र बनवलेले असते. औंढ्याजवळच्याच सिद्धेश्वर जलाशयाचा काठ त्यात वर्षागणिक न्याहाळता येतो.

'गूगल लेन्स'ला हळदीच्या पानावरचे ठिपके दाखवले, तर ते मुख्यतः मिळतीजुळती चित्रे हुडकते. त्याला ना तुमची माती ठाऊक, ना पाणी. म्हणून नुसत्या त्याच्या भरवशावर फवारणी करू नका. आधी ते पान तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.