ऊन सर्वांचे, मग वीज कोणाची?

शिरूर अनंतपाळ हा लातूर जिल्ह्यातला छोटा तालुका. पाऊस इथे बेभरवशाचा. 2016 साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सबंध देशाने पाहिले. ऊन मात्र आमच्या वाट्याला भरपूर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. हेच ऊन आता संपत्ती झाले आहे, आणि संपत्ती म्हटली की ती कोणाच्या नावावर, हा प्रश्न आलाच!

केंद्राची 'पीएम सूर्यघर' योजना 2024 साली आली. एका किलोवॉटला 30 हजार रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान. 2025 साली राज्य सरकारने महिना शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी 'स्मार्ट' योजना जाहीर केली. त्यात एका किलोवॉटचा खर्च 50 हजार धरून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने अडीच हजार आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाने पाच हजार भरायचे आहेत. एक किलोवॉट म्हणजे साधारण शंभर चौरस फूट जागा आणि दिवसाला चारेक युनिट वीज. रमाई घरकुल 269 चौरस फुटांचे असते. म्हणजे जागा पुरते. मग अडते कुठे?

अडते कागदावर. घर स्वतःचे हवे, छप्पर पक्के हवे, वीजजोडणी हवी. आमच्या कितीतरी वस्त्या गायरानावर आहेत. घर आहे, पण घराखालची जमीन नावावर नाही. कुठे मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर, कुठे डोक्यावर नुसते पत्रे. दादासाहेब गायकवाडांनी 1959 साली आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. तो जमिनीचा प्रश्न आज छपरावर चढला आहे, एवढेच!

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. बॅटरी नसलेले सोलर महावितरणची लाईन गेली की आपोआप बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसू नये म्हणून ती व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री वीज गेली, तर छपरावर पॅनल असूनही आमची लेकरे अंधारातच! रात्रीच्या उजेडाला बॅटरी लागते आणि सूर्यघरचे अनुदान मिळते ते पॅनलच्या किलोवॉटवर. बॅटरीला जादा पैसा नाही. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची एक बॅटरी निम्मी वापरली तरी कमी विजेचा एक पंखा आणि दोन दिवे रात्रभर चालतात. मात्र ती पत्र्याखाली तापत ठेवू नये. उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. सावलीची, हवेशीर जागा द्यावी.

बाबासाहेबांनी 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून विजेचे खातेही सांभाळले. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्यावाचून उद्योग नाही आणि उद्योगावाचून गरिबाची सुटका नाही, हा त्यांचा विचार होता. विजेकडे त्यांनी कधी चैन म्हणून पाहिले नाही. आम्हीही पाहू नये.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गायरानावरील घरांचा मालकीहक्क आधी द्या, आणि अनुसूचित जातींच्या राखीव निधीतून बॅटरीला अनुदान द्या. 2025 साली सामाजिक न्याय खात्याचे सुमारे 410 कोटी रुपये दुसऱ्या योजनेकडे वळवले गेले. हा पैसा वळवता येतो, तर वस्तीच्या दिव्यासाठी का खर्च करता येत नाही?

आणि बांधवांनो, आपल्या हातातले काम आपणच करायचे आहे. प्रत्येक वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी बुद्धविहारात बसून घरोघरचा नमुना आठ आणि वीजबिल तपासावे, वारसांची नावे लावून घ्यावीत, अर्ज भरून द्यावेत. जयंतीच्या रोषणाईला आपण वर्गणी काढतो. यंदा त्याच वर्गणीतून विहाराच्या छपरावर एक पॅनल आणि खाली एक बॅटरी बसवा. मग लाईन गेली तरी अभ्यासाला एक दिवा जळत राहील.